जुनी बाटली आधी

नातीच्या डाव्या डोळ्याचा विषय घरात निघाला की मी उठून बाहेर जातो. कधी नळ नीट बंद झालेला नसतो, कधी फाटकाची कडी लावायची राहिलेली असते. इतकी वर्षं मला अशी कामं बरोबर सापडत आली. आता ऐंशीच्या घरात आलो, गुडघे पटकन उठू देत नाहीत, त्यामुळे बसून ऐकावं लागतं. आणि दर वेळी ते वाक्य येतंच, “आजीने काजळ घातलं होतं ना, त्याने झालं.” बोलणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना तेवढंच माहीत आहे. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक आहे. ते सर्वांत आधी जिला सांगायला हवं होतं ती माझी बायको जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सांगायचं टाळत आलो, हे आधीच कबूल करतो.

मी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअर्सला होतो. नट-बोल्टपासून दोन माणसांनी उचलायच्या बेअरिंगपर्यंत सगळं आमच्या रॅकवरून बाहेर जायचं. त्या कामाचा पहिला धडा असा, की आधी आलेला माल आधी द्यायचा. नवा खोका समोर दिसतो म्हणून तो फोडायचा नाही. मागचा जुना संपवायचा, मगच नव्याला हात लावायचा. दुसरा धडा तारखेचा. वस्तूवर छापलेली तारीख उलटली नसेल तर माल चांगला. या दोन नियमांवर मी सगळी नोकरी काढली, आणि माझ्या रॅकवर काही सडलं किंवा गंजलं असं कधी झालं नाही. निवृत्त झाल्यावर हेच नियम जेल रोडच्या आमच्या घरात आले. चहा, साबण, काडेपेट्या, सगळं तारखेवार. बायको शेजारणींना सांगायची, “आमच्याकडे अंगाच्या साबणाची वडी हवी असेल तर मागणीचा इंडेंट भरावा लागतो. यांची सही झाली की मग आंघोळ.” त्या हसायच्या. मीही हसायचो, पण आतून मला त्याचा अभिमान होता.

मुलगा सातपूरला कंपनीत होता, सून बँकेत. दोघं सकाळी बाहेर पडली की नात आमची. ही गोष्ट घडली तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ती चार वर्षांची होती. बालवाडीतून आली की आजीच्या मागे मागे, ओट्याजवळ, तुळशीजवळ, मोरीच्या दाराशी. आजी आंघोळ घालायची, वेणी घालायची, आणि शेवटी करंगळीच्या टोकाने डोळ्यांत काजळ. हे काजळ ती घरी धरायची. तुपाचा दिवा लावून त्यावर पितळी ताटली उपडी ठेवायची, धरलेली काजळी लोण्यात घोटायची आणि छोट्या डबीत भरायची. गल्लीत कुणी बाळंतीण घरी आली की आमच्याकडून एक डबी जायचीच. तिच्या हाताला गुण आहे असं बायका म्हणायच्या. ती वरवर “काहीतरीच काय” म्हणायची, पण डबी देताना पदर नीट करून, जरा ताठ चालत जायची.

त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता डोळ्यांची साथ आली. बालवाडीत एकेका मुलाचे डोळे येऊ लागले. एका सकाळी नात अंथरुणातूनच ओरडली, “आजी, अजून उजाडलं नाही का गं?” बाहेर चांगलं ऊन होतं. तिच्या पापण्या पिवळ्या चिपडांनी घट्ट चिकटल्या होत्या. बायको धावत गेली. पाणी उकळून गार केलं, त्यात कापूस बुडवून, नाकाकडून कानाकडे, एका बोळ्याने एकदाच पुसत राहिली. तोंडाने चालू होतं, “थांब हं, खिडकी उघडतेय. गंज चढलाय बाई कडीला.” एक डोळा उघडला तशी नात म्हणाली, “आजी, तू लाल दिसतेस.” आजी म्हणाली, “लाल तू आहेस, टोमॅटो!”

संध्याकाळी मुलगा आणि सून तिला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं की पू येतोय म्हणजे जंतूंचा संसर्ग आहे, अँटिबायोटिक थेंब घालावे लागतील, दिवसातून बऱ्याचदा, आणि डोळे बरे दिसायला लागले म्हणून मध्येच बंद करायचे नाहीत. टॉवेल वेगळा ठेवा, हात धुवा, आणि काजळ आता अजिबात नको. सुनेने घरी येऊन हे सगळं सांगितलं. बायकोने ऐकलं आणि काजळाची डबी त्याच क्षणी देवघराच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. मी तिथेच उभा होतो. तिला ती ठेवताना मी पाहिलं आहे.

थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. नात रडायला लागली की बायकोच्याने थेंब सोडवायचा नाही, आणि घड्याळाच्या बाबतीत तर घरात माझाच शब्द शेवटचा. मी तिला मांडीवर आडवं घ्यायचो. डोळे मिटलेलेच ठेवायला सांगायचो, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि म्हणायचं, “दार उघडा, पाहुणे आलेत.” ती पापणी उघडायची आणि थेंब आपोआप आत. तिची अट एकच होती, आधी बाहुलीला. बाहुलीलाही मी तसंच मांडीवर घ्यायचो. बायको भाजी निवडता निवडता म्हणायची, “बाहुलीच्या आईला विचारा, तिचे डोळे कधी आले?” नात मिटल्या डोळ्यांनी उत्तर द्यायची, “कालच आले. माझेच लागले तिला.”

आता मुख्य गोष्ट. आमच्या फ्रीजच्या दारात त्याच औषधाची एक अर्धी बाटली होती. आदल्या वर्षी मुलाचे आणि शेजारच्या दोन पोरांचे डोळे आले होते, तेव्हा तिघांनाही वापरलेली. नाव तेच, औषध तेच. मी चष्मा लावून तारीख पाहिली, उलटायला अजून अवकाश होता. मग काय, नवी बाटली सील न फोडता मी मागे ठेवली आणि जुनी पुढे घेतली. जुनी संपली की नवी. यात काही चूक आहे असं माझ्या मनातही आलं नाही. चांगलं औषध वाया जाऊ दिलं नाही याचं समाधानच वाटलं. टोकाशी पांढरी खपली धरली होती, ती मी रुमालाने पुसली. स्वच्छ रुमाल होता. घरात कुणाला सांगायची गरज वाटली नाही, कारण माल बाहेर काढताना स्टोअरवाला कुणाला विचारत नाही.

दोन-तीन दिवसांत उजवा डोळा निवळला. डावा मात्र वाढत गेला. नात उजेडाकडे तोंड करेना. दिवसभर आजीच्या पदरात डोकं खुपसून बसायची आणि तिथूनच बोलायची. “आजोबा, पाहुणे नकोत,” म्हणायची, तरी मी वेळ चुकवली नाही. मग एका सकाळी सुनेला बुबुळावर पांढुरका ठिपका दिसला. तिने बँकेत फोन करून रजा टाकली आणि म्हणाली, “बाबा, डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ या. औषध बरोबर घ्या, त्यांना दाखवायला लागेल.”

मी फ्रीज उघडला. जुनी बाटली दाखवायला न्यावी की नवी, हा प्रश्न मला पहिल्यांदा तिथे पडला. नवीचं खोकं हातात घेतलं आणि बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलं. बाटली उघडल्यावर महिनाभरात संपवावी. टोक डोळ्याला किंवा कशालाही लागू देऊ नये. छापलेली तारीख ही सील असेपर्यंतची असते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. शेजारच्या पोरांच्या पापण्यांना ते टोक कितीदा लागलं असेल! मी तिथे फ्रीजचं दार धरून उभा राहिलो. थंड हवा पायांवर येत होती. बाहेर सून रिक्षा थांबवत होती, बायको नातीला घेऊन फाटकाशी उभी होती.

त्यानंतर मी जे केलं ते विचार करून केलं असं म्हणवत नाही, पण हात अगदी नीट चालले. नव्या बाटलीचं सील तोडलं. मोरीत जाऊन थोडं औषध सोडून दिलं, चार दिवस वापरल्यासारखी दिसेल एवढं. जुनी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून जाता जाता कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकली. मनात म्हणालो, आत्ता धावपळीत नको, डॉक्टर बघू देत, मग सांगू.

डॉक्टरांनी दिव्याखाली तिचा डोळा बराच वेळ पाहिला. जखम बुबुळापर्यंत गेली होती. मग त्यांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. “औषध योग्य आहे. घालताय पण बरोबर. मग इतकं वाढायला नको होतं.” त्यांनी विचारलं, “आणखी काही घातलंत का डोळ्यात? मध, गुलाबपाणी, काजळ?”

सुनेने बायकोकडे पाहिलं.

“काजळ घालायचे मी,” बायको म्हणाली. “पण डोळे आले त्याच्या आधी. त्यानंतर बोट लावलेलं नाही.”

डॉक्टरांनी पापणी उलटून दाखवली. केसांच्या मुळाशी काळी रेघ होती. “मग हे काय आहे?”

“ते जुनं असेल हो. निघता निघत नाही ते.”

डॉक्टर चांगले होते, आवाज चढवला नाही. “आजी, डबीतच जंतू असतात. तुम्ही प्रेमाने घालता, पण यापुढे नको.” बायको माझ्याकडे वळली. मला वाटतं मी काही बोलेन याची ती वाट पाहत होती. तिने डबी फळीवर ठेवली ते मी पाहिलं होतं, निदान एवढं तरी मी सांगू शकत होतो. मी समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत राहिलो. सर्वांत खालची ओळ मला दिसत नव्हती.

रिक्षात नात आईच्या मांडीवर होती. बिटको चौकाच्या गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा सून म्हणाली, “आई, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, मला माहितीये. पण खोटं तरी बोलू नका ना.”

“नाही गं. देवाशपथ नाही.”

“डोळ्यात दिसत होतं आई. डॉक्टरांनी दाखवलं.”

बायकोने उजेड लागू नये म्हणून नातीच्या डोळ्यांवर पदर धरला. आणि मी, मी म्हणालो, “जाऊ दे आता. झालं ते झालं. तिला तरी काय कळणार होतं.” म्हणजे मी तिला माफसुद्धा करून टाकलं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त काय टोचत असेल तर ते वाक्य. बाटलीची चूक अजाणतेपणी झाली. हे वाक्य मी जाणून बोललो.

नवी औषधं आली. सुनेने पंधरा दिवस रजा काढली आणि घड्याळ लावून थेंब घातले. हळूहळू डोळा शांत झाला. बुबुळावर बारीक फूल, पांढरा डाग, मात्र राहिलं, जवळून पाहिलं तरच दिसेल असं. डाव्या डोळ्याने तिला धूसर दिसतं आणि चष्मा लागला. जुन्या बाटलीनेच हे झालं असं कोणताही डॉक्टर आज छातीठोक सांगणार नाही. पुढे एकदा, दुसऱ्याच कुणाच्या घरचं म्हणून, मी एका डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, उघडून वर्ष झालेली बाटली म्हणजे जंतूंचं घरच, आणि चार दिवस हातचे गेले ते वेगळेच. मला तेवढं पुरेसं होतं.

सून वाईट वागली असं नाही. ती फक्त सावध झाली, आणि आईने व्हायलाच हवं. बालवाडीनंतर नात पाळणाघरात जाऊ लागली. आंघोळ सून सकाळी लवकर उठून घालायची. आजीने वेणी घालायला कंगवा उचलला की ती म्हणायची, “राहू द्या आई, मी घालते, तुम्ही बसा.” शब्दाशब्दात आदर होता. बायको बसायची. दुपारी पाळणाघराची रिक्षा आमच्याच रस्त्याने जायची, तेव्हा ती फाटकाशी काही ना काही काम काढायची. रिक्षातून “आजीऽऽ” अशी हाक यायची आणि वळणावर संपायची. गल्लीत एक सून बाळंत होऊन आली, तेव्हा तिच्या सासूने काजळ मागितलं. बायको म्हणाली, “नाही हो, आता मी नाही धरत.” पुढे मुलाने गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. नोकरीला सोयीचं पडतं हे कारणही खरंच होतं.

या काळात सांगायची संधी मिळाली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. रोज होती. पण दर दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा जड होत गेलं. आधी फक्त बाटलीचं सांगावं लागलं असतं. मग मोरीत सांडलेल्या औषधाचं, मग दवाखान्यातल्या गप्प बसण्याचं, मग रिक्षातल्या वाक्याचं.

एका दिवाळीला सगळे आमच्याकडे होते. नात तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. आजीच्या मांडीला टेकून बेसनाचा लाडू खात होती. मध्येच, अगदी सहज, तिने विचारलं, “आजी, तुझ्यामुळे मला चष्मा लागला ना?”

सून म्हणाली, “असं बोलतात का?” पण बायकोने तिला हाताने थांबवलं. नातीच्या गालाला लागलेलं बेसन पुसत ती म्हणाली, “हो गं बाळा. चुकलं माझं.”

“इट्स ओके,” नात म्हणाली आणि दुसरा लाडू मागितला.

सगळे गेल्यावर मी बायकोला विचारलं, “तू तर म्हणायचीस, घातलं नव्हतं म्हणून.”

ती पणत्या गोळा करत होती. “म्हणायचे खरी. पण डॉक्टरांनी दाखवलं, सगळे म्हणतात. सवयीचा हात, लागला असेल चुकून. आता माझं मलाच आठवत नाही.” मग म्हणाली, “तुम्ही तरी कधी बोलला नाहीत मला त्यावरून. दुसरा असता तर जन्मभर ऐकवलं असतं.”

मी पणत्या घेऊन मागच्या अंगणात गेलो.

आणखी काही वर्षांनी बायकोला मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झाल्यावर डोळ्यात थेंब घालायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. ती पलंगावर आडवी व्हायची, मान मागे करायची. थेंब घातल्यावर थोडा वेळ डोळे मिटून पडायचं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या वेळात ती मला पाहू शकत नव्हती. मी ठरवलं, सांगायचं तर आत्ताच. मनात वाक्य जुळवून तयार ठेवलं. एका दुपारी थेंब सोडला, टोपण लावलं, शेजारी स्टुलावर बसलो आणि म्हणालो, “ऐक ना, पोरीच्या डोळ्याचं त्या वेळी...”

तिने मिटल्या डोळ्यांनीच माझा हात शोधला. “मीही तेच म्हणणार होते. तुमचा हात किती हलका आहे हो. थेंब पडलेला कळतसुद्धा नाही. त्या वेळी सगळं तुमच्यावरच सोडलं असतं आणि मी मध्ये बोट घातलं नसतं, तर पोरीचा डोळा आज नीट असता.”

माझा हात तिच्या हातात होता. मी म्हणालो, “बोलू नकोस. औषध बाहेर येतं.”

तिचं शेवटचं आजारपण फार लांबलं नाही. नाशिक रोडच्या एका दवाखान्यात होती. नात कॉलेजातून थेट यायची आणि तिचे पाय चेपायची. एकदा बायको तिला म्हणाली, “चष्मा काढ बरं, बघू दे.” नातीने काढला. बायको तिच्या डाव्या डोळ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग नात म्हणाली, “आजी, मला सगळं दिसतं गं. काही होत नाही मला,” आणि तिच्या कपाळावर ओठ टेकले. नात चहा आणायला खाली गेली. खोलीत आम्ही दोघंच होतो, दुपारचं ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं. मी खुर्ची जवळ ओढली. म्हणालो, “अगं.”

“काय हो?”

मी पाणी हवं का विचारलं. ती नको म्हणाली आणि तिला झोप लागली. त्यानंतर आम्ही दोघंच असे पुन्हा राहिलो नाही.

मुलगा, सून, नात हे वाचतील आणि मला जे म्हणायचं ते म्हणतील, ते मी ऐकून घेईन, बाहेर जाणार नाही. पण त्या दुपारी त्या ‘अगं’च्या पुढे जे बोलायचं होतं ते दुसऱ्या कुणासाठी नव्हतं. अगं, तू काजळ घातलं नव्हतंस. तू डबी वर ठेवलीस ती मी पाहिली होती. वर्षभराची जुनी बाटली मी वापरली, डॉक्टरांपासून लपवली, आणि तुला खोटी ठरू दिलं. तुला बरोबर आठवत होतं. माझं चुकलं, मला माफ कर.